मधल्या खोलीची तुळई

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगण्याचा धीर झाला नाही, म्हणून लिहीत आहे. पुण्यातील नोकरीचा राजीनामा मी दिला असून जुलैपासून चेन्नईच्या आयआयटीत संशोधनासाठी रुजू होत आहे. बाबांच्या ऑपरेशननंतर सोलापूरला परत येण्याचा शब्द मी दिला होता. तो आत्ता पाळता येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

विषय मजल्यांच्या पोलादी तुळयांचा आहे. तुळई वाकते तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधल्या पोलादाला त्या मानाने थोडेच काम उरते. म्हणून 300 मिलिमीटर उंचीचा, मीटरला सुमारे 44 किलो भरणारा गर्डर मधोमध नागमोडी कापून, एक भाग सरकवून, टोकाला टोक वेल्डिंगने जोडले की जवळपास तेवढ्याच वजनात सुमारे 450 मिलिमीटर उंचीची, षटकोनी भोकांची तुळई मिळते. तिचा झोळ, म्हणजे भाराखाली मध्ये खाली वाकणे, निम्म्याच्या आसपास येतो, आणि पाण्याचे व एसीचे पाइप भोकांतूनच जात असल्याने मजल्याची उंचीही वाचते. वरचा स्लॅब तिला स्टडने, म्हणजे तुळईवर वेल्ड केलेल्या पोलादी खुंट्यांनी, जखडला, तर बाबा, तुम्ही दोन फळ्या खिळ्यांनी एक करायचात, तसे दोन्ही मिळून भार पेलतात. मात्र दोन भोकांमधली अरुंद पट्टी, विशेषतः आधाराजवळ, एकाएकी मुरडू शकते. ती पोलाद न वाढवता कशी सावरायची, हे मला शोधायचे आहे. नोकरीत वेळ नसल्यामुळे कोष्टकातला जड गर्डर निवडून मोकळे व्हावे लागे आणि दर वेळी ते मला खुपत असे.

आई, लहानपणी मधल्या खोलीत माळवदाच्या छताची माती अंगावर झरू नये म्हणून तू माझ्यावर पदर धरायचीस, आणि सकाळी बाबा भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी ताणून त्या खोलीच्या तुळईचा झोळ बोटांनी मोजायचे. दोरीचे टोक धरायला मला स्टुलावर उभे केले जाई.

माझी काळजी करू नका. हॉस्टेलवर स्वतंत्र खोली आहे, शिष्यवृत्तीत माझे भागते, आणि चेन्नईची गाडी सोलापूरवरूनच जाते. शेंगाचटणी आणि कडक भाकरी तेवढी बांधून द्या.

आता माझे ऐका. माळवदावर पाण्याची टाकी चढवायची नाही आणि तुळईखालचा टेकू कोणी काहीही म्हणाले तरी काढायचा नाही. आईने पापड वाळत घालायला जिना चढायचा नाही. तुझे गुडघे आता तेवढे ऐकत नाहीत, म्हणून म्हणते. बाबांनी बारा ते चार उन्हात बाहेर पडू नये, गोळ्या जेवणानंतरच घ्याव्यात.

गड्ड्याच्या यात्रेला मी येईन, तेव्हा झोळ पुन्हा मोजू. तोवर दोरी काढून ठेवा, पण बाबा, स्टुलावर तुम्ही चढू नका.

तुमची लेक