आषाढ की सावन?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्मृतिभ्रंशाविषयी हल्ली बरेच छापून येते, परंतु त्याची तपासणी कोणत्या भाषेत व्हावी, याविषयी क्वचितच कोणी लिहिते. म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाईंना विस्मरणाच्या तपासणीसाठी इंदुरातील एका दवाखान्यात नेले होते. तपासणी हिंदीतून झाली. गुरुपौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. "कौन सा महीना चल रहा है?" या प्रश्नाला त्यांनी "आषाढ" असे उत्तर दिले आणि ते चूक धरले गेले, कारण हिंदी पंचांगाप्रमाणे पौर्णिमेनंतर सावन लागतो, तर आपल्या मराठी पंचांगात आषाढ अमावास्येपर्यंत असतो. पुढे शंभरातून सात-सात वजा करायचे होते. सासूबाई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. त्र्याण्णव, शहाऐंशी हे त्यांनी मनात बरोबर काढले, पण त्र्याण्णवला हिंदीत काय म्हणतात हे शोधताना पुढची वजाबाकी हातची गेली. एकूण तीसपैकी सोळा गुण मिळाले.

दुसऱ्या एका डॉक्टरांकडे तीच तपासणी मराठीतून झाली, तेव्हा वीस गुण आले. म्हणजे आजार नव्हता असे मुळीच नाही. सुरुवातीला सांगितलेले पाच शब्द पाच मिनिटांनी विचारले असता एकही आठवला नाही, आणि "एक फूल होते", "एक रंग होता" अशी खूण दिल्यावरही काही सुचले नाही. डॉक्टरांनी सांगितले ते मला फार महत्त्वाचे वाटले: खुणेने शब्द आठवला, तर तो साठवला गेला होता, केवळ सापडत नव्हता, खुणेनेही आठवत नसेल, तर तो बहुधा साठवलाच गेला नाही. अल्झायमरमध्ये नवी आठवण साठवणारा मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर आकसू लागतो, त्यामुळे जुन्या गोष्टी तपशिलासह आठवतात आणि सकाळचा चहा घेतल्याचे आठवत नाही. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवताना त्यांनी मिनिटकाटा दोनऐवजी दहाच्या आकड्यावर नेला, तो दोष मात्र स्मरणाचा नसून नियोजनाचा होता. भाषेमुळे गेलेले गुण वगळल्यावरच हा खरा नकाशा दिसला.

हा प्रश्न शास्त्रज्ञांना ठाऊक नाही असे नाही. 1975 मध्ये अमेरिकेत तयार झालेली तीस गुणांची चाचणी हरियाणातील बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत बदलून घ्यावी लागली होती. कॅनडातील माँट्रियलमध्ये तयार झालेल्या अशाच तीस गुणांच्या चाचणीत बारा वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण असलेल्यास एक गुण वाढवून दिला जातो. आपल्या इंदुरात मात्र मराठी माणसाला हिंदी येतेच, असे गृहीत धरले जाते. येते, बाजारात बोलण्यापुरती. आकडे आणि महिने ज्याचे त्याच्या शाळेच्या व देवघराच्या भाषेतच राहतात.

म्हणून वाचकांना विनंती, की तपासणीपूर्वी रुग्णाची मातृभाषा व शिक्षण डॉक्टरांना सांगावे, चष्मा आणि श्रवणयंत्र सोबत न्यावे, आणि थायरॉइड व बी-12 यांची रक्ततपासणी झाली आहे ना, हेही विचारावे, कारण त्यांच्या कमतरतेनेही विस्मरण होते व त्यावर उपचार आहेत. मराठी येणारे कोणी तिथे नसेल, तर नातेवाइकाने केवळ प्रश्नाचे भाषांतर करावे, उत्तर सुचवू नये. मी एकदा हळूच सुचवले होते, आणि डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बसवले, ते योग्यच केले.

आपली,
एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर