मागच्या खोलीतल्या मशीनबद्दल आणि त्या कॉइनबद्दल

ति. बाबा आणि ति. सौ. आई यांस साष्टांग नमस्कार,

आधीच सांगते, मी बरी आहे, वेळेवर जेवतेय, खोलीला खिडकी आहे, ऑफिस चालत दहा मिनिटांवर आहे. फोनवर सांगायला घेतलं की बाबा 'बरं बरं' करून फोन आईकडे देतात आणि आई 'जेवलीस गे बाय?' विचारते, की मुख्य गोष्ट राहूनच जाते, म्हणून टाइप करून पाठवतेय. नीलूदादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय. बाबा, डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत मोबाइलवर वाचत बसायचं नाही. आई, तूच वाचून दाखव, पण सावकाश.

तर पहिली गोष्ट. पुण्याला महिन्याच्या ट्रेनिंगला जातेय असं मी सांगितलं ते अर्धंच खरं होतं. ट्रेनिंग आहेच, पण त्यानंतर नोकरीही इथेच आहे, कायमची, आणि मी सही करून मोकळी झालेय. दुसरी गोष्ट, मागच्या खोलीतल्या मशीनची सहाही ग्राफिक्स कार्डं मी विकली. 'सर्व्हिसिंगला नेतेय' म्हणून खोक्यात भरून पणजीला नेली ना, ती परत आणायची नव्हतीच. तुमच्यासमोर बसून हे सांगायचा धीर झाला नाही, आणि कदंबाच्या बसमध्ये बसल्यापासून तेच डोक्यात फिरतंय. तिसरी गोष्ट, बाबा, तुम्ही विचारलंत त्या नव्या कॉइनची, ती पुढे सांगते.

बाबा, मशीनला घातलेले पैसे ट्रकचे होते हे मी एक दिवसही विसरले नाही. २०१२ ला गणपतीची चवथ आठ-नऊ दिवसांवर असताना गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद झाल्या, आपला खनिज वाहायचा टिपर ट्रक फणसाखाली उभा राहिला, त्या वर्षी तुम्ही गणपतीवरच्या माटोळीला दोन नारळ कमी बांधले आणि मी का म्हणून विचारलं तर आईनं मला आत पाठवलं होतं. मधे जरा चालू झाल्या, परत २०१८ च्या मार्चमध्ये बंद. शेवटी ट्रक गेला तेव्हा तुम्ही दोन दिवस धड जेवला नव्हता. आणि त्याच पैशांची एफडी २०२१ ला मोडून माझ्या हातात चार लाख दिलेत, 'एक मायनिंग बंद पडलं, तू दुसरं चालू कर' म्हणालात. म्हणून विकताना हात जड झाला हो. कार्डं द्यायच्या आधी एकेक ब्रशनं साफ करत होते तर तिसऱ्या कार्डाच्या पंख्यामागे, त्या अल्युमिनियमच्या पात्यांत, झेंडूची पाकळी अडकलेली सापडली, वाळून तपकिरी झालेली. पहिल्या दसऱ्याला तुम्ही ट्रकची करायचात तशी त्या मशीनची पूजा केली होती, फ्रेमला माळ घातली होती. ती पाकळी मी पाकिटात ठेवलीय.

तेव्हा मी तुम्हाला नीट समजावून पण सांगितलं नव्हतं की ती मशीन करते काय. खाणीवर ट्रक वाढले की तुमच्या ट्रिपा कमी व्हायच्या, आठवतं? माल तेवढाच, वाटेकरी जास्त. अगदी तसंच आहे हे. जगभरातली मशीनं एकाच वेळी एक आकडा शोधत असतात, ज्याला आधी सापडतो त्यानं लोकांच्या व्यवहारांच्या नोंदींचा पुढचा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, लावायचा आणि नवी डिजिटल कॉइन घ्यायची. बिटकॉइनला असा ब्लॉक साधारण दहा मिनिटांनी लागतो, मशीनं कितीही वाढवा, दर २०१६ ब्लॉकनंतर आकडा शोधायचं कोडं आपोआप अवघड किंवा सोपं होतं आणि गाडी परत दहा मिनिटांवर येते. सुरुवातीला, २००९ ला, एका ब्लॉकमागे ५० बिटकॉइन मिळायची, दर चारेक वर्षांनी निम्मी होत होत २०२४ च्या एप्रिलपासून ३.१२५ वर आलीत, आणि सगळी मिळून २ कोटी १० लाखांच्या वर कधी होणार नाहीत. त्याला खास मशीनं लागतात, आपल्या कार्डांचं ते काम नव्हे. आपण इथर काढत होतो, इथेरियम नावाच्या जाळ्याचं कॉइन. सहा कार्डं, रात्रंदिवस, दिवसाला एकोणीस युनिट, बिल अडीच-तीन हजारांनी वाढायचं तरी पहिले महिने खूप चांगले गेले, ते तुम्ही बघितलंतच. आणि आई, तुला तर ती खोली आवडायचीच. आषाढात कुठेच काही वाळत नाही तेव्हा तू मशीनसमोर दोरी बांधून बाबांच्या बनियनी आणि कोकमची सोलं वाळवायचीस, मी ओरडायचे की ओल लागेल मशीनला, आणि तू म्हणायचीस, एवढी ऊब फुकट का घालवायची.

मग १५ सप्टेंबर २०२२. इथेरियमनं मायनिंगच बंद केलं. आता ज्यांच्याकडे कॉइन आहेत ते ती अडकवून ठेवतात आणि व्यवहार तपासायचं काम तेच करतात, कार्डं लागतच नाहीत. खाणी बंद झाल्या त्याला दहा वर्षं झाली आणि परत सप्टेंबरच, बाबा. त्या दिवशी तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं पाठीवर हात ठेवून बाहेर गेलात. जगातली सगळी रिकामी कार्डं मग इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन असल्या छोट्या कॉइनवर येऊन पडली, एवढे वाटेकरी झाले की हाती येईल त्यापेक्षा वीजबिल जास्त. मी वर्षभर उगाच ओढलं. नंतर चादर घालून ठेवली. आपल्याकडची दमट हवा आणि मुंग्या, अजून दोन पावसाळे गेले असते तर भंगाराचा भाव पण आला नसता.

पण खरं सांगायचं तर मशीननं आपल्याला बुडवलं नाही. मशीननं दिलं, ते मी घालवलं. मिळालेलं इथर तसंच ठेवलं असतं किंवा दर महिन्याला विकून तुमच्या खात्यात टाकलं असतं तर आज हे पत्र वेगळं असतं. नोव्हेंबर २०२१ ला बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास होता, सगळंच वर चाललं होतं, आणि मी इथर देऊन छोटी छोटी कॉइन घेतली. वर्षभरात बिटकॉइन १६ हजारांवर आला, तो पडला की ही छोटी त्याच्या कितीतरी पट पडतात. माझ्याकडच्या एकाचे शंभराचे तीन रुपये झाले. रात्री दोन-दोन वाजता उठून चार्ट बघायचे, तुम्हाला वाटायचं मशीन बघतेय. वरून टॅक्स. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, मायनिंगचं वीजबिल आणि मशीनची किंमत पण खर्चात धरत नाहीत. सीएकडे जाऊन सगळं भरलंय, आपल्याकडे कोणाची नोटीस येणार नाही, त्याची काळजी करू नका.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय कारण बाबा, तुम्ही मागच्या रविवारी त्या महिना दहा टक्के देतो म्हणणाऱ्या नव्या कॉइनचं विचारलंत आणि मी 'बघते' म्हणाले. मी बघितलं. ऑगस्टमध्ये मुदत भरणारी एफडी त्यात घालायची नाही. रागावू नका. तुमच्या असोसिएशनवाल्या मित्राचा मुलगा वाईट नाही, लहानपणापासून ओळखते मी त्याला, बहुतेक तो स्वतःच त्यात अडकलाय.

देवळात जत्रेनंतर पावणी, म्हणजे लिलाव, होते तेव्हा चाळीस रुपयांचा नारळ पाच हजारांना जातो. का? दोघे अडून बसतात म्हणून. तोच नारळ सकाळी डिचोलीच्या बाजारात नेला तर परत चाळीसच. अल्टकॉइनचा, म्हणजे बिटकॉइन सोडून बाकीच्या कॉइनचा, भाव बऱ्याच वेळा असाच शेवटच्या बोलीचा असतो. समजा कोणी १०० कोटी कॉइन तयार केली, तयार करायला काहीच लागत नाही, संध्याकाळभराचं काम, त्यातली बहुतेक स्वतःकडे ठेवली आणि थोडी बाजारात सोडली. एकानं एक कॉइन एक रुपयाला घेतलं की लगेच स्क्रीनवर लिहून येतं, एकूण किंमत १०० कोटी रुपये. आत आलेला पैसा कदाचित काही हजारच असेल. तुम्ही दहा लाखांची कॉइन विकायला काढा, घेणारा कोण? त्या नव्या कॉइनची वॉलेटं, म्हणजे कोणत्या खात्यात किती कॉइन आहेत ते, कोणालाही बघता येतात, मी बघितली, पहिल्या दहा जणांकडेच जवळजवळ सगळी कॉइन आहेत. त्यांनी विकायला काढली की बाकीचे गेले.

'पन्नास पैशाला आहे, रुपया झाला तर डबल' असं तो मुलगा म्हणतो ना, त्यात पन्नास पैशाला काही अर्थ नाही. एकूण कॉइन किती आणि नवी किती येतात ते बघायचं असतं. लाइटकॉइन ८ कोटी ४० लाखांवर थांबणार. डोजकॉइनला तर मर्यादाच नाही, दर मिनिटाला दहा हजार, म्हणजे वर्षाला ५०० कोटींहून जास्त नवी येतात, मग एकेकाची किंमत कमी दिसणारच. सगळीच खोटी आहेत असं मी म्हणत नाही, इथर लागतंच, इथेरियमच्या जाळ्यावर काहीही करायचं तर फी इथरमध्ये भरावी लागते, म्हणून त्याला गिऱ्हाईक आहे. आणि मोठं झालं म्हणजे टिकतंच असंही नाही, २०२२ च्या मे महिन्यात लुना नावाचं कॉइन आठवड्याभरात ऐंशी डॉलरवरून पैशाच्याही खाली गेलं. आपल्या खनिजाचंच घ्या. माल हलक्या ग्रेडचा, चीन घेत होता तोवर भाव, आणि तुमचं डिझेल महाग झालं म्हणून चीननं कधी जास्त दिले का? पण तिथे निदान मातीत लोखंड तरी होतं हो. या कॉइनला महिना दहा टक्के देणार कुठून, हे तो मुलगा सांगू शकला नाही. मी विचारलं त्याला. नव्या माणसांच्या पैशातूनच देणार, दुसरं काही नाही त्यात.

आता हिशोब. कार्डांचे १ लाख ८ हजार आले, राहिलेली कॉइन विकून टॅक्स जाऊन ५२ हजार. असे १ लाख ६० हजार काल बाबांच्या खात्यात टाकलेत, पासबुक भरून घ्या. उरलेले २ लाख ४० हजार दर महिन्याला दहा-दहा हजार करून दोन वर्षांत देणार. नको म्हणायचं नाही. पगार पुरतो मला, इथे खर्च काही नाही, मेसचं जेवण ठीक आहे, फक्त नुस्तं, आपले मासे, नाही मिळत, ते चालतं.

नोकरी का घेतली हेही सांगते. मशीन बसवताना, नेटवर्क लावताना जे शिकले त्यावरच ही मिळाली, त्यामुळे तुमचे पैसे अगदीच वाया गेले असं मनात आणू नका. गोव्यात तीन ठिकाणी बघितलं होतं, पगार अर्ध्याहून कमी होता. मला तुम्हाला सोडून जायचं नव्हतं. आई, मला माहीत आहे संध्याकाळी दिवा लावल्यावर घर मोठं वाटतं.

मशीनसाठी घेतलेला इन्व्हर्टर आणि दोन्ही बॅटऱ्या तिथेच ठेवल्यात, मुद्दाम विकल्या नाहीत. आता वीज गेली तरी दोन पंखे, ट्यूब आणि टीव्ही आरामात चालेल. एक्झॉस्ट फॅन नीलूदादा स्वयंपाकघरात बसवून देईल, बांगडे तळताना तुला खोकला येतो ना. कपडे वाळवायचा स्टँड आणि छोटा हीटर पार्सलनं येतोय, हीटर कपड्यांना चिकटवून ठेवायचा नाही.

आणि आता ऐका. बॅटरीत दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर, विहिरीचं नाही. बीपीची गोळी सकाळी पेज झाल्यावर लगेच, पाव घेऊन पोदेर आला की आठवण ठेवा. उंडे दोनच. बाबा, पावसात पोफळीच्या कुळागरात एकट्यानं उतरायचं नाही, दगड शेवाळलेत. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, मित्राच्या मुलाला पण नाही, तो घरी आला तर चहा द्या, मोबाइल हातात देऊ नका. मोतीबिंदूची तारीख मिळाली की मला आधी कळवा, मी रजा काढून येते, नीलूदादाबरोबर परस्पर उरकून टाकायचं नाही. आई, तुझी कंबर दुखते ते तू लपवतेस हे मला माहीत आहे, पाण्याची कळशी भरून उचलू नकोस.

चवथीला पाच दिवसांची रजा आत्ताच मागून ठेवलीय. माटोळीचं सामान मी आल्याशिवाय आणू नका, आपण तिघं मिळून साखळीच्या बाजारात जाऊ.

तुमची,
बाय

ता. क. मागच्या खोलीच्या खिडकीला मी पुठ्ठा लावला होता तो काढून टाका, उजेड येऊ दे. भिंतीवरची ट्रकची किल्ली मात्र तिथेच असू दे.