आधी बटणं दाबून बघा

पुणे,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर तुमच्यासाठी घ्यायच्या लॅपटॉपचं बोलणं निघालं की दर वेळी तेच होतं. बाबा म्हणतात, "तुला बरा वाटेल तो घे." आई मागून म्हणते, "इतके पैसे कशाला?" आणि मग विषय भरताच्या वांग्यांवर जातो. म्हणून हे पत्र. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा, कारण यातलं बरंचसं तिच्यासाठीही आहे.

बाबा, दिवाळीत तुम्ही कपाटातून आठवणींच्या वह्या काढल्या तेव्हा मी चाटच पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या अमळनेरात ९७वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तुम्ही तिन्ही दिवस मांडवात बसून होतात हे ठाऊक होतं. पण त्यानंतर दोनशेपानी तीन वह्या भरल्या असतील असं वाटलं नव्हतं. शिरपूर, साक्रीकडच्या शाळा, पावसाळ्यात नाला उतरायची वाट बघत बसलेला मास्तर, आणि तिसरी वही उलटी धरली की मागच्या पानापासून सुरू होणारी आईची आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी. कसर लागायच्या आत हे टाईप झालं पाहिजे, एवढं माझं तिथेच ठरलं.

आता दादाच्या पोऱ्याचं ऐकू नका. त्यानं तुम्हाला आय-सेव्हन, ग्राफिक्स कार्ड, पंचाहत्तर हजार असलं काहीतरी सांगितलंय. त्याला गेम खेळायचे आहेत. तुमच्या तिन्ही वह्या टाईप झाल्या तरी केवढी जागा लागेल ते मी मांडून पाहिलं. युनिकोडात, म्हणजे सगळ्या मशीनना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, मराठीचं एकेक अक्षर, एकेक काना-मात्रा साधारण तीन बाइट घेते. सहाशे पानं, पानाला हजारेक अक्षरं, म्हणजे झाले दोन एमबीच्या आत. आई फोनवर भरताचा एक फोटो काढते तो याच्याहून मोठा असतो.

लिहिणाऱ्याला यंत्राच्या पोटापेक्षा बोटांना आणि डोळ्यांना जे लागतं ते चांगलं हवं. बटणं आणि पडदा. दुकानदार या दोन्हींबद्दल अवाक्षर काढत नाही, कारण त्यांचे आकडे डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले नसतात.

आतलं सामान किमान एवढं बघा: आठ जीबी रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती जागा) आणि एसएसडी (फाईली कायम ठेवायची, चकती नसलेली जागा). २५६ जीबीची पुरेल, ५१२ची त्याच भावात मिळाली तर घ्या. जुन्या तऱ्हेची हार्ड डिस्क नको. तिच्यात चकती फिरते, ती तापते, आणि मशीन चालू होईपर्यंत तुम्हाला काय लिहायचं होतं तेच विसरायला होतं. "४ जीबी आहे, पुढे वाढवता येईल" असं कोणी म्हटलं तर रॅमला मोकळा खाचा आहे का ते विचारा. बऱ्याच स्वस्त आणि पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच डाग दिलेली असते, मग जन्मभर तेवढीच.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. नोकरी लागल्यावर पहिला लॅपटॉप मी ऑनलाईन सेलमध्ये घेतला होता, तुम्हाला किंमत कमी करून सांगितली होती तोच. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी. ईएमएमसी म्हणजे जवळपास मोबाईलमधल्यासारखं स्टोरेज, तेही बोर्डाला चिकटवलेलं. सहा महिन्यांत विंडोजच्या अपडेटलाच जागा उरेना. एक फाईल उघडायची तर दुसरी पुसायची. पडदा असा की मान जरा हलवली की अक्षरं पांढुरकी. दोन वर्षं ओढला आणि मग तो तसाच पडून राहिला. स्वस्त पडला म्हणायला मी काही तयार नाही.

परवा तुम्ही दुकानातून जो फोटो पाठवलात, "आय-फाईव्ह आहे, जुना आहे, पंधरा हजार, घेऊन टाकू का," त्याबद्दल. आय-फाईव्ह हे प्रोसेसरचं, म्हणजे यंत्राच्या मेंदूचं नाव. त्या स्टिकरवर त्याच्यापुढे ६३००यू लिहिलं होतं. त्यातला पहिला ६ म्हणजे सहावी पिढी, २०१५ सालची. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर धरते, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार गेल्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला संपला. म्हणजे तुमचं पेन्शनचं खातं ज्या मशीनवर उघडायचं, त्याच्या सुरक्षेच्या कुलपाची दुरुस्ती आता नेहमीसारखी कोणी बघणार नाही. दुकानदार खोटं बोलला असं नाही, तो आय-फाईव्हच आहे. त्यानं पिढी सांगितली नाही, इतकंच. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली टाकून तो अजून पाच वर्षं सुखानं चालेल हेही खरं, पण काही अडलं तर अमळनेरात तुम्ही कोणाला हाक मारणार? मी शेजारच्या खोलीत असते तर तोच घेतला असता.

जुनाच घ्यायचा तर कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले, आठव्या पिढीचे किंवा पुढचे मजबूत लॅपटॉप मिळतात. त्यांची बटणं आजच्या नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कितीतरी चांगली असतात. मला स्वतःला तसलाच आवडतो. पण बॅटरी किती थकलीय ते वरून कळत नाही आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. तुमच्यासाठी नवाच घेऊ. चाळीस हजारांची मर्यादा तुम्ही घातली आहे, ती मी पाळते. प्रोसेसर आय-थ्री किंवा रायझन थ्री पुरे. जीएसटी उतरला म्हणून भाव उतरतील असं तुम्ही म्हणालात, पण सप्टेंबरातल्या बदलात लॅपटॉप नव्हते. आधी १८ टक्के होता, आजही १८ टक्केच आहे. तेव्हा त्यासाठी थांबण्यात अर्थ नाही.

आणि डॉसवाला, म्हणजे विंडोज नसलेला, स्वस्तात देतो, विंडोज मीच टाकून देतो, असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर या.

पडदा १५.६ इंची घेऊ. फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०, आणि आयपीएस, म्हणजे बाजूनं बघितलं तरी रंग न उडणारा. खात्री करायची तर दुकानात लॅपटॉपसमोर उभे राहा, बसा, बाजूनं बघा. रंग उडाले तर आयपीएस नाही. चकचकीत नको, मॅट हवा, नाहीतर ओसरीतली खिडकी दिवसभर पडद्यात दिसत राहील. अक्षरं दीडपट मोठी करून देते, ती सोय विंडोजमध्येच आहे. बाबा, मोतीबिंदूनंतरचा तुमचा चष्मा दोन भिंगांचा आहे. वाचायचं भिंग खाली असल्यामुळे पडद्याकडे बघताना तुम्ही हनुवटी वर करणार आणि आठ दिवसांत मान धरणार. डोळ्यांच्या डॉक्टरांना हातभर अंतरासाठी वेगळा चष्मा करून मागा. लॅपटॉपइतकीच ही खरेदी महत्त्वाची आहे, आणि तीही माझ्याकडून.

आता खरा अडसर, मराठी टाईप करणं. छापखान्यातला कोणी म्हणेल, शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये करून देतो. नको. तो फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसला तर तिथे नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्येच लिहा. विंडोजमध्ये मराठीचा कीबोर्ड आधीपासून असतो, वेगळे पैसे नाहीत. दोन तऱ्हा आहेत. एकीत इंग्रजी स्पेलिंगनं लिहायचं. दुसरी इन्स्क्रिप्ट, तिच्यात बटणांवर थेट मराठी अक्षरं. ज्या माणसानं हयातभर फळ्यावर बाराखडी काढली, त्यानं इन्स्क्रिप्टच शिकावं. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. कच्या बटणावर शिफ्ट दाबली की ख, गच्या बटणावर घ. ऱ्हस्व वेलांटीही आधी क, मग वेलांटी, जशी आपण बोलतो तशी. शिफ्ट धरून इंग्रजी ई आणि आर ही शेजारशेजारची बटणं दाबली की "आई" होतं. वाय, ई, वाय, ई दाबलं की "बाबा". ळ शिफ्टसकट एनवर, आणि "पोऱ्या"मधला ऱ शिफ्टसकट जेवर. महिनाभर बोटं अडखळतील. बटणांवर चिकटवायची देवनागरी अक्षरं मिळतात, ती मी सोबत पाठवते.

आई, तुला टाईप करायची गरज नाही. गूगल डॉक्समध्ये मराठीत बोललेलं लिहून घ्यायची सोय आहे. तू गाणं म्हण, मशीन लिहील. दिवाळीत मी माझ्या लॅपटॉपवर हळूच तुझं बोलणं लावून पाहिलं होतं. तुझ्या "आंडेर"चं, म्हणजे लेकीचं, त्यानं "अंधेर" केलं. मी इतकी हसले की तू विचारत राहिलीस काय झालं. त्याला अहिराणी कळत नाही, म्हणून तू म्हणायचं आणि बाबांनी मागोमाग दुरुस्त करायचं. "बठ्ठा", "तठे", "मन्हा" या सगळ्यांखाली ते लाल रेघ मारील. बाबा, तुम्ही कितीही शुद्धलेखनवाले असलात तरी त्या रेघेला घाबरून आईचा शब्द बदलू नका. ती रेघ बंद करता येते, मी करून देईन.

उन्हाळ्याचंही सांगून ठेवते. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवायचे म्हणून बनवलेले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. दुपारी एक ते पाच त्याला झोपू द्या, तुम्हीही झोपा. गोधडीवर ठेवून चालवू नका, हवेची भोकं खालच्या बाजूला असतात. कूलरच्या थेट झोतातही नको, ती हवा ओली. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर लावून ठेवू, उन्हाळ्यात कायम शंभरावर राहिली की लवकर म्हातारी होते. वीज गेली तरी लिहिणं चालू राहील, मात्र वायफाय बंद पडेल, एवढं लक्षात असू द्या.

लिहिलेलं गूगल ड्राइव्हवरही राहील (१५ जीबी फुकट, तुमच्या शंभर जन्मांच्या वह्या मावतील), आणि महिन्याला एकदा पेनड्राइव्हवर घ्या. वह्या मात्र रद्दीत नाहीत. आई, हे तुला.

बाबा, तुम्ही आल्या-गेल्याला सांगता, १९४५ साली आपल्या गावात वनस्पती तेलाची गिरणी म्हणून निघालेली विप्रो पुढे कॉम्प्युटर करू लागली. त्याच गावच्या मास्तरांना चार मॉडेल एका जागी बघायला धुळ्याला नाहीतर जळगावला जायला सांगतेय, रागावू नका. मी इथून ऑनलाईन मागवू शकते, पण बटणं माझ्या बोटांना चालून उपयोग काय? येत्या रविवारी दोघंही जा. लॅपटॉप समोर आला की वाय, ई, वाय, ई असं वीस-पंचवीस वेळा दाबा. बटण बोटाखाली स्पष्ट दबलं पाहिजे आणि मधला पत्रा वाकता कामा नये. दुकानदार हसला तर हसू द्या. मग मला फोन करा, पैसे मी तिथल्या तिथे पाठवते. "आमचे आम्ही भरतो" हे वाक्य या वेळी ऐकून घेणार नाही.

तुमची,
आंडेर

ता. क. पासवर्ड कॅलेंडरवर लिहू नका. वायफायचा लिहिला होतात, आणि महिना संपल्यावर आईनं ते पान फाडून त्यात माझ्यासाठी बिबडे बांधून दिले होते.