आत आधीच कुणीतरी बसलंय

प्रिय ताई,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चल, द्रव नायट्रोजन भर" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

मी तेव्हा हवेत होते. तांबं आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळीत, एचकेयूएसटी-१ मध्ये, उणे १९६ अंशांना नायट्रोजन शिरतानाची आलेखातली रेघ एक आणि बाहेर पडतानाची दुसरी, आणि दोन्ही शेवटपर्यंत जुळल्याच नाहीत! एमआयएल-५३ सारखी 'श्वास घेणारी', म्हणजे रेणू आत-बाहेर होताना आकार बदलणारी, जाळी सापडली, असं मी मार्गदर्शकांना सांगूनही बसले होते. (१९९९ पासून माहीत असलेली एचकेयूएसटी-१ ची जाळी चांगली ताठ असते, हे तेव्हा सोयीस्करपणे विसरले.)

तुम्ही आलेख बाजूला सारलात. "पावडरचा रंग काय होता?"

मला सांगता आलं नाही. नळी उजेडात धरली तर पावडर फिकट निळी. "गर्द जांभळट व्हायला हवी होती. आत आधीच कुणीतरी बसलंय."

बसलं होतं डीएमएफ, पावडर बनवताना वापरलेलं द्रावक. उत्कलनबिंदू १५३ अंश, आणि छिद्रांना चिकटून राहण्यात पटाईत. मी १२० अंशांवर चार तास निर्वातात ठेवून, म्हणजे 'डिगॅस' करून, घर रिकामं झालं असं धरून चालले होते. अडलेल्या वाटांतून नायट्रोजन रांगत होता, त्यात दोन बिंदूंमध्ये त्याला स्थिरावायला मी वेळही दिला नव्हता. रेघा जुळणार कशा?

मग तीन दिवस रोज जुनं मिथेनॉल ओतून नवं घालायचं. भयंकर कंटाळवाणं काम. पण डीएमएफची जागा मिथेनॉलने घेतली की पुढचं सोपं, ते ६५ अंशांनाच उकळतं. त्यानंतर १५० अंशांवर रात्रभर निर्वात. सकाळी नळीत जांभळट निळा रंग!

त्यातली चिमूटभर तुम्ही काचेवर पसरलीत. हवेतली वाफ तांब्याच्या मोकळ्या जागा धरत गेली आणि आपण बोलत असतानाच पावडर पुन्हा आकाशी झाली. पाहुणा आत येताना मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिला. तोवर तो माझ्यासाठी पडद्यावरचा ठिपका होता.

नव्या मोजणीत रेघा एकीवर एक बसल्या, पृष्ठफळ दुपटीहून जास्त आलं आणि माझा शोध बुडाला. मार्गदर्शकांना ते सांगताना तुम्ही दारात उगाच रेंगाळत होतात. उगाच नव्हे, हे कळलं होतं मला.

नळीच्या स्टँडवर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी अजून आहे: 'रिकामी नळी, भरलेली नळी, डिगॅसनंतरची नळी. तीन वजनं.' खाली मी पेन्सिलने 'रंग' लिहिलंय.

तुमची,
आलेख आधी बघणारी विद्यार्थिनी