होरेस ऑलब्राइट यांचे श्रेय नोंदले जावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांवरचा लेख मी आवडीने वाचला. निसर्गलेखक जॉन म्यूर आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याविषयी त्यात जे लिहिले आहे त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु उद्यान जाहीर झाले म्हणजे ते वाचले असे होत नाही. ती उद्याने टिकावीत म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे कायदे, अंदाजपत्रके आणि आदेशांचे मसुदे यांत स्वतःला गुंतवून घेतले, त्यांतील होरेस ऑलब्राइट यांचे नाव लेखात एकदाही येऊ नये, याचे वाईट वाटले. वन खात्याच्या कार्यालयात नोकरी केलेल्या माझ्यासारख्या वाचकाला ही उणीव अधिकच जाणवते.

ऑलब्राइट यांचा जन्म ६ जानेवारी १८९० रोजी कॅलिफोर्नियातील ओवेन्स खोऱ्यात, बिशप या गावी झाला. या खोऱ्यातील नदीचे पाणी १९१३ मध्ये कालव्याने लॉस एंजेलिस शहराकडे वळवण्यात आले. त्याच वर्षी ऑलब्राइट बर्कले विद्यापीठाची पदवी घेऊन वॉशिंग्टनला, सरकारी जमिनींचा कारभार पाहणाऱ्या अंतर्गत व्यवहार खात्यात कारकुनी कामावर रुजू झाले आणि नोकरी सांभाळून त्यांनी कायद्याचा अभ्यास पूर्ण केला. येलोस्टोन १८७२ मध्येच राष्ट्रीय उद्यान झाले होते, पण उद्यानांचा कारभार पाहणारे स्वतंत्र कार्यालय तोवर नव्हते. येलोस्टोनची राखण लष्कराकडे होती, तर योसेमिटीच्या हद्दीतील हेच हेची खोऱ्यात धरण बांधायला अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) १९१३ मध्ये परवानगी देऊन टाकली होती. जाहीर झालेले उद्यानही कसे हातचे जाते, हे त्या वर्षी साऱ्या देशाला दिसले.

१९१५ च्या आरंभी बोरॅक्सच्या (टाकणखाराच्या) धंद्यात श्रीमंत झालेले स्टीफन मॅथर उद्यानांचे काम पाहण्यासाठी खात्यात आले आणि कॅलिफोर्नियाला परतायच्या विचारात असलेले ऑलब्राइट त्यांच्यासाठी थांबले. मॅथर यांच्याकडे पैसा होता, ओळखी होत्या आणि माणसे जिंकण्याची हातोटी होती. त्यांनी त्या उन्हाळ्यात खासदार, संपादक आणि उद्योजकांना सिएरा नेवाडाच्या डोंगरांत हिंडवून आणले, स्वतःच्या खिशातून खर्च केला आणि वर्तमानपत्रांतून लोकमत तयार केले. विधेयकाच्या मसुद्यांवर खल करणे, समित्यांच्या सदस्यांना भेटणे, कोणत्या कलमाला कोणाचा विरोध आहे हे टिपून ठेवणे, हे सारे ऑलब्राइट करत होते. २५ ऑगस्ट १९१६ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या कायद्यावर सही केली आणि ज्या पेनाने ती झाली ते ऑलब्राइट यांनी मॅथर यांच्यासाठी मागून घेतले.

तेव्हा खात्याच्या ताब्यात १४ राष्ट्रीय उद्याने आणि २१ राष्ट्रीय स्मारके (निसर्ग वा इतिहासासाठी राखलेली स्थळे) होती. कायदा झाला होता, पण त्यासाठी ना अनुदान मंजूर होते, ना कर्मचारी. अशात जानेवारी १९१७ मध्ये मॅथर मानसिक आजाराने कोसळले आणि नुकतीच सत्तावीस वर्षे पूर्ण केलेल्या ऑलब्राइट यांच्यावर सगळा भार आला. त्यांनी वरिष्ठांच्या आजाराचा गवगवा होऊ दिला नाही, पहिले अनुदान मिळवले आणि नव्या सेवेची घडी बसवली. एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. सैन्यासाठी मांस आणि लोकर हवी, तेव्हा उद्यानांची कुरणे खुली करा, अशी पशुपालकांची मागणी सुरू झाली. युद्धकाळात अशा मागणीला नकार देणाऱ्यावर देशद्रोहाचा शिक्का बसायला वेळ लागत नाही. खुद्द खात्याचे मंत्री फ्रँकलिन लेन यांचा कल परवानगी देण्याकडे होता. ऑलब्राइट यांनी गुरांच्या बाबतीत काही प्रमाणात माघार घेतली, पण मेंढ्यांचे कळप आत येऊ दिले नाहीत.

या अनुभवातून १३ मे १९१८ चे धोरणपत्र तयार झाले. ते लेन यांच्या सहीने मॅथर यांच्या नावे निघाले असले तरी त्याचा मसुदा ऑलब्राइट यांचा होता. उद्याने पुढच्या पिढ्यांसाठी अबाधित राखायची, ती लोकांच्या उपयोगासाठी, आरोग्यासाठी आणि आनंदासाठी असतील, आणि त्यांतील प्रत्येक निर्णय राष्ट्रहितावर ठरेल, अशी तीन तत्त्वे त्यात घातली होती. येलोस्टोन वगळता इतर उद्यानांत, पर्यटक जात नाहीत अशा दुर्गम भागांपुरतीच गुरांना मुभा दिली होती; मेंढ्यांना मात्र कोणत्याही उद्यानात बंदी होती. उन्हाळी बंगल्यांसाठी उद्यानाची जमीन भाड्याने देऊ नये, हेही त्यात स्पष्ट लिहिले होते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील कलम ३५ ने राष्ट्रीय उद्यानातील गुरचराईला मनाई केली आहे. तिची अंमलबजावणी करताना गावकऱ्यांचा रोष ज्यांनी सोसला आहे, त्यांना १९१८ च्या या ओळींचे वजन सांगावे लागणार नाही.

१९१९ ते १९२९ ही दहा वर्षे ऑलब्राइट येलोस्टोनचे अधीक्षक होते. उद्यानाच्या दक्षिणेला टीटन पर्वत आणि त्यांच्या पायथ्याशी जॅक्सन होलचे खोरे आहे. हे खोरे आणि पर्वत एकत्र राखले गेले पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता, कारण येलोस्टोनचे एल्क हरणांचे कळप हिवाळ्यात याच खोऱ्यात उतरतात. १९२६ मध्ये त्यांनी जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांना सहकुटुंब तेथे फिरवले आणि रस्त्याकडेची दुकाने, जाहिरातींचे फलक आणि विजेच्या तारा दाखवल्या. पुढे ‘स्नेक रिव्हर लँड कंपनी’ या नावाने रॉकफेलर यांनी सुमारे ३५,००० एकर जमीन विकत घेतली. किंमत चढू नये म्हणून खरेदीदाराचे नाव १९३० पर्यंत गुप्त ठेवले गेले. खोऱ्यातील अनेकांना ही फसवणूक वाटली आणि मला त्यांची बाजू समजते, कारण आपली जमीन कोणासाठी व कशासाठी जात आहे हे जाणण्याचा हक्क विकणाऱ्याला असतो. सिनेटच्या चौकशीत १९३३ मध्ये कोणताही गैरव्यवहार आढळला नाही, तरी कटुता गेली नाही. १९४३ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तेथे राष्ट्रीय स्मारक जाहीर केले, तेव्हा पशुपालकांनी निषेध म्हणून त्या जमिनीतून गुरे हाकली. लेखात ग्रँड टीटन उद्यानाचे वर्ष १९२९ दिले आहे. त्या वर्षी मुख्यतः पर्वत आणि त्यांच्या पायथ्याची तळीच संरक्षित झाली. खोरे उद्यानात यायला १९५० उजाडले, म्हणजे ऑलब्राइट यांनी सरकारी सेवा सोडून सतरा वर्षे झाली होती.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. त्यांच्याच कारकिर्दीत, १९२६ पर्यंत, येलोस्टोनमधील लांडगे मारून संपवण्यात आले. पर्यटकांसमोर अस्वलांना उष्टेखरकटे घालण्याचे खेळ चालत आणि जेवणाच्या टेबलाशी अस्वलांसोबत बसलेल्या ऑलब्राइट यांचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. लोक आले तरच काँग्रेस पैसे देईल, या गणितापायी प्राण्यांचे नुकसान झाले. मात्र १९२९ मध्ये उद्यान सेवेचे संचालक झाल्यावर त्यांनी जॉर्ज मेलेंडेझ राइट या तरुण जीवशास्त्रज्ञाला उद्यानांतील वन्यप्राण्यांची पाहणी करू दिली, जिचा खर्च राइट सुरुवातीला स्वतः करत होते, आणि १९३१ मध्ये हिंस्र प्राण्यांच्या सरसकट हत्येविरुद्धचे धोरण स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले. येलोस्टोनमध्ये पुन्हा लांडगे सोडले गेले ते १९९५ मध्ये.

९ एप्रिल १९३३ रोजी व्हर्जिनियातील रॅपिडन या विश्रांतीच्या छावणीवरून परतताना फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ऑलब्राइट यांना आपल्या मोटारीत घेतले. वाटेत यादवी युद्धाच्या रणभूमीचा विषय निघाला. अशी ऐतिहासिक स्थळे युद्ध खात्याकडून उद्यान सेवेकडे यावीत, ही जुनी मागणी ऑलब्राइट यांनी तेथेच मांडली आणि राष्ट्राध्यक्षांनी ती मान्य केली. १० जूनला आदेश निघाला आणि १० ऑगस्टपासून गेटिसबर्गच्या रणभूमीसारखी स्थळे सेवेच्या ताब्यात आली. ऑलब्राइट आदल्याच दिवशी पद सोडून एका पोटॅश कंपनीत गेले होते. ही सेवा चारचौघांसारखे एक सरकारी खाते होऊ देऊ नका, असे त्यांनी निरोपाच्या पत्रात सहकाऱ्यांना बजावले होते. उद्यानांसाठीचा त्यांचा पत्रव्यवहार आणि पाठपुरावा पुढेही चालू राहिला. १९८० मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले आणि २८ मार्च १९८७ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी ते वारले.

माझी विनंती एवढीच आहे की, पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा प्रशासकांनाही जागा मिळावी. १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाचे पहिले संचालक कैलाश सांखला यांच्यापासून सुरुवात करता येईल, कारण त्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. शिवाय ताडोबा, नवेगाव आणि नागझिरा येथे काम केलेले अधिकारी व वनरक्षक यांच्या आठवणी आणि टिपणे मिळवण्यासाठी आपल्या प्रतिनिधींनी चंद्रपूर व गोंदियात थोडा वेळ द्यावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वन कर्मचारी, चंद्रपूर