थरारपटातली व्हीलचेअर आणि शेवटची काही पावले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

किशोरवयीन पात्रांभोवती रचलेल्या मनोवैज्ञानिक थरारपटांची चर्चा बहुधा शेवटच्या धक्क्यापाशी सुरू होऊन तिथेच संपते. त्या धक्क्यासाठी अपंगत्वाचा वापर कसा केला जातो, याकडे मात्र समीक्षकांचे क्वचितच लक्ष जाते. ‘रन’ (२०२०) या अमेरिकी चित्रपटाच्या आधारे याविषयी लिहावेसे वाटते. त्याच्या शेवटाचा उल्लेख टाळता येणार नाही, तेव्हा ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी हे पत्र नंतर वाचावे.

व्हीलचेअर वापरणारी, अनेक व्याधी असलेली आणि घरीच शिकणारी सतरा वर्षांची क्लोई आणि तिची अहोरात्र शुश्रूषा करणारी आई, ही यातली दोन मुख्य पात्रे. आई देत असलेल्या एका गोळीविषयी मुलीला शंका येते आणि आईनेच आपल्याला आजारी ठेवले आहे, हे तिला हळूहळू उमगते. क्लोईची भूमिका करणाऱ्या कीरा ॲलन प्रत्यक्षातही व्हीलचेअर वापरतात. व्हीलचेअर वापरणारी अभिनेत्री मोठ्या थरारपटाच्या केंद्रस्थानी येण्याची ही १९४८ मधल्या ‘द साइन ऑफ द रॅम’च्या सुझन पीटर्स यांच्यानंतरची पहिलीच वेळ, असे तेव्हा सर्वत्र लिहिले गेले. मधल्या ७२ वर्षांत व्हीलचेअरवरची पात्रे पडद्यावर येतच होती, फक्त ती साकारण्याचे काम बहुतेक वेळा चालू शकणाऱ्या कलाकारांना मिळत होते.

या निवडीने काय साधले, ते एका प्रसंगात स्पष्ट दिसते. खोलीत कोंडलेली क्लोई खिडकीतून छपरावर उतरते, हातांच्या जोरावर सरपटत दुसऱ्या खिडकीशी पोहोचते, सोल्डरिंग आयर्नने काच तापवते आणि तोंडात धरून आणलेले पाणी तिच्यावर फवारून ती तडकवते. तिला दमा असल्यामुळे एवढ्या श्रमांनंतर श्वास पुरेल का, ही धास्ती आपल्याला लागून राहते. जिन्यावर वरखाली सरकणाऱ्या खुर्चीची वायर आईने कापली की तेच घर तुरुंग होते. इथे प्रेक्षक तिची कीव करत नाही, तिच्या बरोबरीने पुढची वाट शोधू लागतो. अपंग मुलगी स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या शरीराच्या नेमक्या जाणिवेने संकटातून सुटते, असे किशोरवयीन प्रेक्षकांना फार थोड्या चित्रपटांनी दाखवले आहे, आणि म्हणून मला हा चित्रपट मोलाचा वाटतो.

तरीही त्याचा शेवट मला खटकतो. सात वर्षांनंतर क्लोई तुरुंगात आईला भेटायला जाते, तेव्हा धातुशोधक यंत्रापाशी ती व्हीलचेअरमधून उठते आणि काठीच्या आधाराने काही पावले चालते. तिचे पाय औषधामुळे लुळे पडले होते, त्यामुळे कथेच्या हिशेबात हे बसते, हे मान्य आहे. पण व्हीलचेअर वापरणाऱ्या असंख्य मुलामुलींच्या अपंगत्वामागे कोणी गुन्हेगार नसतो आणि एखादी गोळी थांबवल्याने ते संपतही नाही. आपली सुटका पावलांत मोजली जाते, असे पाहणाऱ्या मुलीने त्यातून काय घ्यावे? ज्या चित्रपटाने दीड तास तिच्या व्हीलचेअरला तिच्या सामर्थ्याच्या आड येऊ दिले नाही, त्याने अखेरच्या क्षणी जुन्याच वाटेला का लागावे?

याच दिग्दर्शकाचे, अनीश चागंटी यांचे, आधीचे काम पाहिले की हा प्रश्न अधिकच टोचतो. ‘सर्चिंग’ (२०१८) मध्ये हरवलेल्या मुलीचा शोध घेणारे कुटुंब कोरियन-अमेरिकन आहे आणि त्याचे कारण चित्रपट कुठेही देत बसत नाही. वंशाच्या बाबतीत जे इतक्या सहजपणे जमले, ते अपंगत्वाच्या बाबतीतही जमायला हवे होते. त्याच वर्षीच्या ‘अ क्वाएट प्लेस’ मध्ये मिलिसेंट सिमंड्स या कर्णबधिर अभिनेत्रीने कर्णबधिर मुलीची भूमिका केली. तिथे आवाजाच्या दिशेने हल्ला करणाऱ्या प्राण्यांपासून लपताना साऱ्या कुटुंबाला येणारी सांकेतिक भाषा त्यांना जिवंत राहायला मदत करते. मुलीचे बहिरेपण कोणाचे कारस्थान ठरत नाही आणि शेवटी ते बरेही होत नाही, तरी भीती तसूभरही कमी होत नाही.

आपल्या चित्रपट परीक्षणांतून याचा विचार व्हावा, अशी विनंती आहे. अपंग पात्र कोणी साकारले, अपंग व्यक्तींचा सल्ला घेतला होता का आणि कथेत त्या पात्राला अपंगत्वाखेरीज काय आयुष्य आहे, याची नोंद परीक्षणात यावी. शक्य झाल्यास अशा चित्रपटांवर अपंग तरुण प्रेक्षकांकडूनच लिहून घ्यावे. अपंग मुलगी कथेत कधी साधी मैत्रीण असावी, कधी संशयित, तर कधी चक्क गुन्हेगारही, आणि तिच्या अपंगत्वाचा उलगडा करत बसण्याची गरज लेखकाला वाटू नये, अशी अपेक्षा ते बहुधा माझ्यापेक्षा नेमकेपणाने मांडतील.

आपला,
एक वाचक