कारच्या चाकांवर नट टेकतात त्या जागेवरच (नटांच्या बैठकीवर) पावडर कोटिंग केल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: कारच्या मूळ अलॉय व्हील्सचे पावडर कोटिंग सदोष झाल्याबाबत व काम पुन्हा करून मिळण्याबाबत

महोदय,

माझ्या कारची गाडीबरोबरच आलेली चारही अलॉय व्हील्स चंदेरी रंगाची होती. ती गडद ब्राँझ रंगात पावडर कोटिंग (कोरडी रंगपावडर मारून भट्टीत पक्की करणं) करून घेण्यासाठी मी आपल्याकडे दिली. रंगाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. छटा नमुन्याशी तंतोतंत जुळते आणि पुढचा भाग एकसारखा झाला आहे. माझी तक्रार आहे ती जिथे रंग लागायलाच नको होता, तिथे तो लागल्याची. ही दिसण्याची बाब नाही. चालत्या गाडीचं चाक जागेवर राहण्याची बाब आहे, म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

चाकं बसवतानाच पहिली शंका आली होती. मधलं भोक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर, सरकेना. रबरी हातोडीने ठोकून ते बसवावं लागलं. थोडं अंतर गाडी चालवून झाल्यावर, चाकं काढून बसवली की करायचीच असते ती तपासणी करण्यासाठी मी गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रींनी टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोराने आवळला गेला की क्लिक करणारा पाना) लावला, तर पुढच्या डाव्या चाकाचा एकेक नट क्लिक होण्याआधी चांगलाच फिरला. तो ढिला झालेला होता. चाक उतरवल्यावर कारण समोरच दिसलं. बोल्टच्या भोकांभोवती नट टेकतो तो शंकूसारखा उतार पूर्ण ब्राँझ रंगाचा होता. नटाच्या दाबाने तिथला लेप चिरडून बाजूला सरकला होता आणि त्याची नखाएवढी पापडी नटाच्या तोंडाला चिकटून आली. मागची बाजू, म्हणजे चाक हबला चिकटतं तो सपाट भागही तसाच रंगवलेला होता. बाकीची तीन चाकं उतरवली, तीही तशीच निघाली. या सगळ्याचे फोटो पत्रासोबत जोडले आहेत.

यावर आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं, ‘नट पुन्हा आवळून घ्या, बसून जाईल.’ हे उत्तर मला मान्य नाही. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणाच्या जोरावरच चाक हबला घट्ट धरून राहतं. हा ताण मिलिमीटरच्या अगदी लहानशा अंशाएवढा असतो. पावडरचा एक थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नटाखाली एक आणि हबच्या बाजूला एक, असे दोन थर दाबाने आणि ब्रेकच्या उष्णतेने चेपले किंवा भुगा होऊन गळले, की बोल्टचा ताण तेवढा उतरतो. पुन्हा आवळलं तरी लेप शिल्लक असेपर्यंत तो चेपतच राहणार. म्हणजे दर थोड्या दिवसांनी नट तपासायचे आणि मधल्या काळात घरच्या माणसांना त्याच गाडीत बसवायचं. असा सल्ला आपण ग्राहकाला देता याचं मला खरोखर वाईट वाटलं आणि रागही आला.

या जागा झाकणं काही अवघड नाही. नटाच्या बैठकीसाठी उष्णता सोसणारे सिलिकॉनचे प्लग मिळतात, मागच्या सपाट भागाला आणि मधल्या भोकाला उष्णता सोसणारी टेप लावता येते. चाकांचं काम नेहमी करणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं, आणि आपल्या जाहिरातीत तर चाकांचं काम ही आपली खासियत म्हणून सांगितली आहे.

दुसरी बाब पूर्वतयारीची. व्हॉल्व्हच्या भोकाजवळ एक टवका उडाला आहे. तिथे ब्राँझ थराखाली उघडी धातू नाही, जुना चंदेरी रंग आणि त्यावरचा क्लिअर कोट (पारदर्शक थर) तसाच दिसतो. आपल्या कोटेशनमध्ये ‘जुना रंग पूर्ण काढून ब्लास्टिंग’ (बारीक कणांचा जोरदार मारा करून धातू साफ करणं) असं स्पष्ट लिहिलं होतं आणि त्याचे पैसेही घेतले आहेत. जुन्या रंगावर बसवलेली पावडर त्या रंगाइतकीच टिकणार. एकदा टवक्यातून पाणी आत शिरलं, की अॅल्युमिनियमवर लेपाखाली गंज धाग्यासारखा पसरत जातो. शिवाय आऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत. ओतीव धातूच्या सूक्ष्म छिद्रांत अडकलेली हवा भट्टीत बाहेर पडताना लेप फोडते. पावडर मारण्याआधी चाक एकदा कोरंच भाजून घेतलं तर हे बरंच टळतं. ते केलं होतं का, हे मला लेखी हवं आहे.

आता पुन्हा काम करण्याबद्दल. इथे मला आपल्याकडून सर्वांत जास्त काळजी अपेक्षित आहे, कारण घाईत केलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा धोक्याची ठरू शकते. आत्ताचा लेप काढण्यासाठी चाकं जाळायच्या भट्टीत घालू नयेत. त्या भट्ट्या ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास चालतात. ओतीव अलॉय व्हीलला कारखान्यात उष्णता देऊन मजबुती आणलेली असते आणि एवढ्या तापमानात ती मजबुती जाते. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. म्हणून लेप रसायनानेच काढावा. पावडर पक्की करतानाही भट्टीतल्या हवेचं नव्हे, तर चाकाच्या धातूचं तापमान मोजावं आणि ते पावडरच्या उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच राहावं. सर्वसाधारणपणे सुमारे २०० अंशांवर १० ते २० मिनिटं पुरतात. पहिल्या वेळी चाकं किती तापमानात किती वेळ ठेवली, याची नोंदही मला द्यावी. ती नोंद नसेल किंवा तापमान मर्यादेबाहेर गेलेलं असेल, तर त्या चाकांवर मी पुन्हा काम करून घेणार नाही. तशा वेळी त्याच मापाची आणि त्याच भार क्षमतेची नवी मूळ चाकं आपण द्यावीत.

नोंद समाधानकारक असेल तर चारही चाकं आपल्या खर्चाने धातूपर्यंत साफ करून, नटांच्या बैठका, मागचा सपाट भाग, मधलं भोक आणि टायरची कडा बसते ती जागा झाकून पुन्हा कोटिंग करावीत. टायर काढणं, बसवणं आणि बॅलन्सिंग यांचा खर्चही आपल्याकडेच राहील. हवेच्या दाबाचे सेन्सर मी आधीच काढून ठेवले आहेत. टायर चढवण्यापूर्वी चाकं मला दाखवावीत, म्हणजे रंग कुठवर आहे हे मला स्वतः पाहता येईल.

पुढच्या कामावर सवलत देण्याचा आपला प्रस्ताव मी स्वीकारत नाही. ‘वॉरंटी फक्त रंग उडाल्यास’ हे उत्तरही इथे लागू होत नाही, कारण कोटेशनमध्ये लिहिलेलं कामच झालेलं नाही.

आणखी एक विनंती आहे. याच पद्धतीने आपण इतरांचीही चाकं रंगवली असतील, तर त्या ग्राहकांना आजच फोन करून नट आणि बैठका तपासून घ्यायला सांगा. त्यांपैकी अनेकांना आपले नट ढिले होत आहेत याची कल्पनाही नसेल.

चाकं उतरवून ठेवली आहेत आणि गाडी उभी आहे. भट्टीची नोंद आणि चाकं नेण्याची तारीख मला लेखी कळवावी.

आपली,
(सही)
कार मालक

सोबत: चाकांचे फोटो, कोटेशन व बिलाची प्रत, गॅरेजचा तपासणी अहवाल